खुर्चीचा किस्सा

"बाबा, हे ऐका! 'खुर्चीचा किस्सा वाचून हसून हसून पोट दुखलं. बायकोलाही मोठ्याने वाचून दाखवला. पाच तारे.'"

लेक दुकानाच्या फळीवर कोपरं टेकून फोनमधले वाचकांचे अभिप्राय वाचत होती आणि वाचता वाचता स्वतःच खिदळत होती. बाप उभ्याने एका जुन्या शिवणयंत्रात पेचकस घालून अडकलेला स्क्रू काढायच्या खटपटीत होता. पायांच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, डॉक्टरांनी बजावलं होतं, बायको रोज कानीकपाळी ओरडत होती, तरी हा गडी काम करणार ते उभ्यानेच. बाजूचं स्टूल गिऱ्हाइकांसाठी, असं त्याचं म्हणणं.

साहेबांचं चरित्र आलं होतं. साहेब म्हणजे नटनट्यांच्या आणि गायकांच्या वतीने निर्मात्यांशी बोलणी करणारा माणूस. बोलणी कसली, हुकूमच! त्यांच्या शब्दाशिवाय कुणाचं तोंड पडद्यावर दिसत नसे की कुणाचा गळा रेकॉर्डवर येत नसे. लेकीच्या ऑफिसात जो तो ते पुस्तक वाचत होता. आई एके काळी गायची, तिला आवडेल, म्हणून लेकीने कौतुकाने एक प्रत आणली होती. आईच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तेव्हा वाचून दाखवायचं काम बापाकडे आलं होतं. आणि बाप आठवडाभर ते पुस्तक दोऱ्यांच्या खोक्यांखाली दडपून टाळाटाळ करत होता.

"काय आहे तो किस्सा?" त्याने वर न बघता विचारलं. तोंडातून गेलं आणि लगेच वाटलं, कशाला विचारलं आपण.

"अहो, साहेबांच्या बाहेरच्या खोलीत कुणा गायिकेचा नवरा रोज येऊन बसायचा. तेलकट पँटने खुर्ची घाण करायचा. शेवटी साहेबांनी खुर्चीच उचलून आत नेली. तर हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवसापासून उभा! अख्खा उन्हाळा उभा! साहेब जाता-येता म्हणायचे, 'काय रे, अजून मुळं नाही फुटली?'" ती पुन्हा हसली. "खाली एकाने लिहिलंय, असा हजरजबाबी माणूस पुन्हा होणे नाही."

"त्या नवऱ्याला काय हवं होतं, ते लिहिलंय का कुणी?"

"काम मागत असेल बायकोसाठी. वशिला, दुसरं काय?"

पेचकस सटकला आणि बापाच्या अंगठ्यात घुसला.

"वशिला! काम मागायला नव्हता गेला तो. बायकोने सही केलेला कराराचा कागद परत मागायला गेला होता! चांगला गळा दिसला की तुमचे साहेब सही घ्यायचे आणि कपाटात टाकायचे. का? तर त्यांच्या लाडक्या गायिकेला कुणी स्पर्धा नको. स्वतः काम द्यायचं नाही, दुसरीकडे गायलं की कोर्टाची धमकी. हा हजरजबाबीपणा!"

लेकीचं हसू मावळलं. तिने बापाकडे पाहिलं, मग त्याच्या पँटवरच्या तेलाच्या डागांकडे पाहिलं.

"बाबा... तुम्ही?"

"हळू बोल. आत तुझ्या आईला ऐकू जाईल."

तीच तर खरी गोम होती. घरी त्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी परतल्यावर बायकोला सांगायचं, साहेब बाहेरगावी आहेत, साहेब आजारी आहेत. खरं सांगितलं असतं तर बायको पेटून उठली असती, थेट जाऊन त्यांच्या तोंडावर बोलली असती, आणि साहेबांशी भांडलेलं माणूस या धंद्यात परत उभं राहत नसे. एकदा ती वैतागून म्हणाली होती, "तुम्ही त्यांच्या दारापर्यंत तरी जाता का हो?" तो गप्प बसला. तिने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून घेतला. कागदाची मुदत संपेपर्यंत नवे गळे आले, हिला कुणी विचारेना. त्यानंतर तिने कुणाला दोष दिला नाही, पण गाणंही म्हटलं नाही, आणि नवऱ्याला कुठल्याही अवघड कामाला धाडलं नाही. साधं पाण्याच्या नळाची तक्रार करायलाही ती स्वतः जायची. हे त्याला आयुष्यभर सलत होतं.

"लिही," तो म्हणाला. "मीही वाचकच आहे की."

लेक निमूट टाइप करू लागली. तो अंगठा चोखत सांगत होता, "लिही, खुर्ची उचलली हे खरं आहे. पण तो माणूस येडा नव्हता. त्याची बायको कुणापेक्षा कमी गात नव्हती. हसणाऱ्यांनी एकदा तासभर उभं राहून बघावं. बास. दे पाठवून."

"जात नाही, बाबा. तारे द्या म्हणतंय."

"नाही द्यायचे."

"निदान एक तरी द्यावाच लागतो."

"शून्य दे."

"शून्य नसतंच त्यात."

"म्हणजे? शिव्या घालायच्या तर आधी बक्षीस द्यायचं? हा कुठला न्याय?" त्याने पेचकस फळीवर आपटला. "त्या माणसाला मी एक तारा देऊ? अर्धा देणार नाही! जिवंतपणी दारात ताटकळवलं, आता मेल्यावरही याच्या दारात आमचं म्हणणं अडलंय. पूस ते. पूस सगळं!"

"बाबा, नुसता एक तारा..."

"पूस म्हणतो ना!"

"थांब गं. पुसू नकोस."

मधल्या दारात आई उभी होती. एका डोळ्यावर पट्टी, हात चौकटीवर. केव्हापासून उभी होती कोण जाणे. बापाने चटकन यंत्रावर मान खाली घातली.

"तो खुर्चीचा किस्सा परत सांग," ती म्हणाली.

लेकीने सांगितला. या वेळी कुणी हसलं नाही.

"दे एक तारा," आई म्हणाली.

"का म्हणून?" बाप उसळला. "तुझं वाटोळं केलं त्याने!"

"केलंच. पण तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, ते त्या पुस्तकाने सांगितलं." ती म्हणाली. "मी किती वर्षं समजत होते, तुम्ही उंबऱ्यावरूनच परत येत होतात. अहो, एका शब्दाने बोलायचं तरी!"

अंगठ्यातलं रक्त यंत्रावर लागत होतं, तेवढंच तो पुसत राहिला.

ती चाचपडत पुढे आली. गिऱ्हाइकांचं स्टूल तिच्या पायाला लागलं. तिने पदराने ते पुसलं आणि सरकवत सरकवत त्याच्या पोटऱ्यांना टेकवलं.

"बसा आता," ती म्हणाली. "माझ्यासाठी किती उभं राहाल?"