एका आवळलेल्या केबलची कैफियत

मी एक जुनी, लाल, हातभर लांबीची केबल आहे. मित्रांनो, तुम्ही मला बहुधा कधी पाहिलं नसेल. संगणक सगळ्यांना दिसतो, पण त्याच्या पत्र्याच्या पेटीत डोकावतो कोण? सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात आहे. शेजारी दोन स्क्रू, एक मेलेला माऊस आणि एक किल्ली आहे. ती किल्ली कशाची हे घरात कुणालाच आठवत नाही, पण ती टाकायचा धीरही कुणाला होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. केसासारख्या बारीक तारा एकीशेजारी एक ठेवून यंत्रानं त्यांच्यावर लाल प्लॅस्टिकचं चपटं आवरण चढवलं. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझी दोन्ही टोकं लावून पाहिली आणि "ही चांगली आहे" म्हणून मला बाजूला ठेवलं. आयुष्यात माझी स्तुती झाली ती तेवढीच. पण खरी झाली, म्हणून लक्षात आहे.

तिथून मी या घरातल्या संगणकात आले. माझं एक टोक मुख्य बोर्डात आणि दुसरं हार्ड डिस्कमध्ये असे. डिस्क सगळं लक्षात ठेवायची आणि मी नुसती ने-आण करायची. फोटो, हिशेब, कॉलेजचे निबंध, सगळं माझ्यातून जाई. पेटीत वायरींचा पसारा होता. कुणाचा पाय कुणाच्या अंगावर, मधे धुळीची लोकर. पण सगळ्या सैल होतो आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

घरात माणसं तीन. आई, बाबा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. बाबा एका माल पाठवणाऱ्या कंपनीत पार्सलं बांधायचे. त्यांनी बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आतल्या बरणीला ओरखडा येत नसे. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता आणि तो त्यांनी घरीही आणला होता. साखरेची पिशवी असो की जुन्या कपड्यांचं गाठोडं, त्यांनी गाठ मारली की मारली. ती सोडायला आईला सुई, दात आणि अर्धा तास लागायचा.

मग आईच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलीनं आईला माइकसमोर बसवलं.

"आई, तुला रोज लागतात ती वाक्यं बोल. मी एकेक बटणाला लावते. बटण दाबलं की तुझाच आवाज येईल."

"अगं, रोज मी काय बोलते ते मला तरी कुठे माहीत आहे?"

"तू नुसती ओरडतेस. तेच बोल."

आई हसली आणि बोलू लागली. 'चहा ठेवलाय का कुणी?' 'दार लावून घे गं.' 'मला काही होत नाहीये, तुम्ही जेवून घ्या.' एकेक वाक्य माझ्यातून डिस्कमध्ये जाऊन बसलं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबांसाठी एक भांडणाचं घे ना." आईनं जरा विचार केला आणि ठसक्यात म्हणाली, "अहो, गाठ सैल मारा. सोडायची मला असते!" बाबा दारातच उभे होते. तेही हसले आणि लगेच आत निघून गेले.

या सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायची, असं रोज ठरायचं. रोज 'उद्या करू' व्हायचं. दवाखान्याच्या धावपळीत ते राहून गेलं.

आई दवाखान्यात असताना मुलगी तिच्यापाशी राहायची आणि बाबा घरी एकटे. त्यांच्या हातांना स्वस्थ बसायची सवय नाही. एका सकाळी त्यांनी आमच्या पेटीचं झाकण उघडलं, स्क्रू बशीत काढून ठेवले आणि आतला पसारा पाहून तोंड वाकडं केलं. "हिचा आवाज असल्या उकिरड्यात?" ते स्वतःशीच म्हणाले. "ती यायच्या आत नीट करतो."

मित्रांनो, त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. रंगाच्या ब्रशनं त्यांनी धूळ झाडली. आतल्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडलं आणि कडेनं आम्हाला कापू नये म्हणून त्यात रबराची रिंगसुद्धा बसवली. मग आम्हा सगळ्यांना त्या भोकातून पत्र्यामागे नेलं. लांब वायरी त्या फेऱ्याला पुरल्या. मी अपुरी पडले. त्यांनी मला ताणलं, कोपऱ्यावर काटकोनात मुडपलं आणि खोक्यावरच्या कागदाची घडी घालतात तसं वरून अंगठ्याचं नख फिरवलं. शेवटी प्लॅस्टिकचा टाय, म्हणजे वायरी बांधायची दातेरी पट्टी, गुंडाळून त्याची शेपटी करकचून ओढली.

माझ्या आत काहीतरी कट् झालं. इतकं बारीक की त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मुलगी संध्याकाळी आली आणि बघतच राहिली. "बाबा, काय सुंदर बांधलंय! दुकानातल्यासारखं." तुटलेली तार अजून तुटल्या जागी टेकून होती. त्यामुळे काम चालत होतं. आता ती कधी सुटते, याची वाट पाहण्याखेरीज माझ्या हाती काही नव्हतं.

आई घरी आली. गळ्याला पट्टी होती आणि हातात लहान मुलांची पाटी. खुर्चीत बसून तिनं पहिलं बटण दाबलं. 'चहा ठेवलाय का कुणी?' बाबा "ठेवतो, ठेवतो" म्हणत स्वयंपाकघरात धावले आणि तिथेच बराच वेळ थांबले. मला फार बरं वाटलं आणि तितकीच भीती वाटली.

काही दिवस असेच गेले. पेटी तापली की घडीतली तार किंचित सुटायची, थंड झाली की पुन्हा टेकायची. एका दुपारी ती टेकलीच नाही. आईनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग सगळी बटणं एकामागून एक दाबली. डिस्क सापडत नाही, असं पडद्यावर आलं. आईचे ओठ हलले, पण आवाज कुठूनच आला नाही. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते आणि दोष माझ्यात आहे हे मला ठाऊक होतं. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

दुरुस्तीवाला आला. त्यानं झाकण काढलं आणि आधी मान डोलावली. "वा! वायरिंग कुणी केलंय? इथे हात लावायला नको. डिस्कच गेली तुमची." दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आम्ही पसाऱ्यात असतो तर त्यानं मला एकदा तरी हलवून पाहिलं असतं. त्यानं नवी डिस्क दिली, माझं टोक तिला जोडलं आणि जुनी उचलून म्हणाला, "ही मी भंगारात टाकतो."

"नको," बाबा म्हणाले. "ती राहू दे."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच. तो गेल्यावर बाबांनी त्या डिस्कला मऊ कागदात गुंडाळलं, त्यावर फोम, त्यावर खोकं, त्यावर टेप, त्यावर सुतळी. एवढं बांधून ती कपाटात ठेवली. कुठेच पाठवायचं नसलेलं पार्सल त्यांनी पहिल्यांदाच बांधलं असेल.

मित्रांनो, पुढे जे झालं त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. पेटी तापली, तार सुटली आणि नवी डिस्कही गायब झाली. मुलगी रडकुंडीला आली. "आता हीपण खराब? आपलं नशीबच फुटकं!" आईनं पाटीवर दोन वाक्यं लिहून बाबांच्या नाकासमोर धरली.

'नळ बदललात. पाइप पाहिला का?'

बाबांनी कात्री आणली आणि आपलेच टाय एकेक करून कापले. मी सुटले. पण तो कोपरा सरळ होईना. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि तिथेच थांबले. आपल्या हातची घडी त्यांना ओळखू आली. ते खाली फरशीवर बसले.

"मीच आवळली गं," ते म्हणाले. "तुझा आवाज मीच आवळला."

मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी केबल घेऊन आली. मग कपाटातलं पार्सल निघालं. ते सोडताना बाबांनी सुई घेतली, दात लावले, घाम पुसला. स्वतः मारलेली गाठ सोडायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात प्रथमच आली होती, आणि आई शेजारी हाताची घडी घालून बघत होती.

नवी केबल पत्र्यापुढूनच, ऐसपैस वळण देऊन जुन्या डिस्कला लावली. संगणक सुरू होईपर्यंत बाबांनी सवयीनं मला दोन बोटांवर गुंडाळलं, भोवती टाय घातला आणि त्याची शेपटी चिमटीत धरली. तेवढ्यात आईनं बटणांवरून बोट फिरवलं आणि एक बटण दाबलं.

'अहो, गाठ सैल मारा. सोडायची मला असते!'

बाबांचा हात तिथेच थांबला. मुलगी एकदम हसली आणि हसता हसता रडू लागली. तिनं डोळे पुसले ते पेनड्राइव्ह शोधतच. आईनं तेच बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

मित्रांनो, घर आवरा, वायरी नीट लावा, धूळ झाडा, आमची काही हरकत नाही. पण बांधून झालं की टायखाली एक बोट सरकवून बघा. बोट जात नसेल, तर आत कुणाचा तरी जीव गुदमरत असेल आणि तो तुम्हाला हाक मारू शकणार नाही.

माझी घडी काही गेली नाही. आता माझ्यातून कुणाचा आवाज जायचा नाही. पण डब्याच्या पत्र्याआडून तो मला रोज ऐकू येतो, आणि माझ्याभोवतीचा टाय बाबांनी त्या दिवशी ओढलाच नाही.