पुढच्या रांगेतल्या बहिऱ्या

आमच्या लेटीचा आवाज संपला, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर माझ्या लाकडी तळाच्या बुटांची चव त्याला चाखवली असती. तीस वर्षं माझी ही थोरली बहीण लँकेशायरभर रंगमंचावर गात होती, लोकांना हसवून हसवून बेजार करत होती. मग बोलपट आले. एकेका नाट्यगृहात पडदा टांगला गेला, आणि एजंट लोक तिला सांगायला लागले, "बाई, आवाज फाटला आता तुमचा." बावन्नाव्या वर्षी ती ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"डॉर्कस," ती म्हणाली, "तुमच्या गिरणीत जागा आहे का गं?"

"आधी आत ये. चहा पी. मग बोल मूर्खासारखं," मी म्हटलं.

रंगमंचावर जायच्या आधी लेटी माझ्यासारखीच विणकरीण होती. चार माग सांभाळायची. पण बावन्नाव्या वर्षी मागावर परत जायचं म्हणजे काय, ते ज्याचे पाय दुखतात त्यालाच विचारा.

त्याच उन्हाळ्यात लंडनची एक सिनेमा कंपनी गावात आली. गिरणीवाल्यांच्या आयुष्यावर संगीत बोलपट काढायचा होता म्हणे, आणि त्यात एक गाणं म्हणायला रंगमंचावरची जुनी बाई हवी होती. लेटीला काम मिळालं. आमच्याच गिरणीच्या आवारात, कापसाच्या गठ्ठ्यावर चढून, कमरेवर हात ठेवून तिने आपलं जुनं गाणं म्हटलं. मागे लागलेल्या जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, विणकरीण झाडते, ते गाणं:

चार माग मी एकटी हाकते, पाचवं लोढणं कशाला?
सांग जॉबरा, तुझे मोजे रोज धुऊ मी कशाला?

मी तिथे होते. या कानांनी ऐकलं. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण त्यात जो ठसका होता ना, अहाहा! कंपनीचे मिस्टर पेल्हॅम टाळ्या वाजवत होते. तरी घरी आल्यावर लेटी म्हणाली, "हे शेवटचं, डॉर्कस. पडद्यावर आपल्या लोकांना आवडलं तर गाईन. नाही आवडलं, तर पुन्हा तोंड उघडणार नाही. सोमवारी तुझ्याबरोबर मागावर येईन." आमची लेटी बोलली की बोलली.

बोलपट आमच्या गावात आला तो शनिवारी. बाराला भोंगा झाला, आणि आमचं अख्खं विणकाम खातं शाली झटकत थेट एम्पायर थिएटरकडे निघालं. लेटी पहिल्यांदा गायली ते हेच एम्पायर. पहिल्या रांगेत किझी मावशी आणि तिच्या वयाच्या सगळ्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. लेटीला विणकाम शिकवलं ते किझी मावशीने. चाळीस-चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून या बायका ठार बहिऱ्या झाल्या आहेत. बोलपटाला जाऊन करता काय, असं कुणी विचारलं की किझी मावशी म्हणते, "का? डोळे आहेत ना मला?"

आणि खरंच आहे ते. आमच्या खात्यात बाराशे माग एकदम चालतात. तिथे घसा फोडून ओरडलं तरी शेजारणीला ऐकू जात नाही. म्हणून आम्ही सगळ्याच ओठ मोठमोठे हलवून बोलतो आणि ओठांवरून वाचतो. वीस माग पलीकडची बाई नवऱ्याला काय शिव्या देते आहे, ते मी इथून सांगते. लेटीही रंगमंचावर तशीच तोंड वेडंवाकडं करून गायची. निम्मं हसू त्यालाच यायचं.

तर, बोलपट सुरू झाला. मिस्टर पेल्हॅम लंडनहून मुद्दाम आले होते, बाजूच्या खुर्चीत ऐटीत बसले होते. अर्धा तास गेला आणि पडद्यावर गठ्ठ्यावर उभी आमची लेटी आली. भिंतीएवढा चेहरा! सगळ्यांनी बूट आपटले. तिने तोंड उघडलं.

आणि आतून भलतीच बाई गायला लागली.

पातळ, गोड, लंडनची साजूक भाषा. धुराड्यामागे चंद्र उगवला आणि साजणाची वाट पाहते, असलं काहीतरी. जॉबर गेला, मोजे गेले, सगळंच गेलं. शेजारी बसलेल्या लेटीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"हा माझा आवाज नाही," ती म्हणाली. "कंपनीवाल्यांनाही पटलं म्हणायचं. संपलाच."

ती उठायला लागली. मी तिची शाल धरून तिला खाली ओढलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत हशा पिकला.

हसणं म्हणजे कसं, पोट धरधरून! किझी मावशी मांड्या थापटत होती, शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. चंद्रावर हसण्यासारखं काय होतं? मी पडद्याकडे नीट पाहिलं, पडद्यावरच्या ओठांकडे. आणि मी खुर्चीवर चढले.

"अगं बायांनो, कान झाका!" मी ओरडले. "ऐकू नका, तोंड बघा तिचं! तेच गाणं आहे! जॉबरचंच!"

मिस्टर पेल्हॅम उठले. "बाई, कृपा करून खाली बसा."

"तुम्हीच बसा! दुसऱ्याचा आवाज चोरता आणि वर आम्हाला शिकवता?" मी मागे वळून सिनेमाच्या मशीनच्या खिडकीकडे हात केला. तिथे सेथ असतो, पूर्वी आमच्याच खात्यात जॉबर होता. "सेथ! तो आवाज बंद कर!"

"खबरदार!" पेल्हॅम ओरडले. "चालू ठेव!"

सेथने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काही ऐकू येत नाही साहेब, मशीनचा फार आवाज आहे," म्हणाला, आणि आवाज बंद केला.

लंडनची बाई चंद्रासकट गप्प झाली. पडद्यावर नुसती लेटी उरली, कमरेवर हात, तोंड हे एवढं मोठं. ध्रुवपद आलं तशी तीनशे विणकरणी एका दमात गायला लागल्या: चार माग मी एकटी हाकते! बूट असे आपटले की छताची धूळ खाली आली. गाणं संपलं तरी कुणी थांबेना. "पुन्हा! पुन्हा!" सेथने रीळ मागे घेतलं आणि पुन्हा लावलं, बिनआवाजाचंच.

या वेळी आम्ही गायलो नाही. माझ्या शेजारी लेटी उभी राहिली होती. पडद्यावरच्या ओठांवर डोळे ठेवून ती स्वतः गायली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या मोज्यापर्यंत, खरखरीत आणि ठसक्यात. मी रडत होते. हो, रडत होते, लाज कसली त्यात!

दिवे लागल्यावर मिस्टर पेल्हॅम लालबुंद चेहऱ्याने जवळ आले. टोपी हातात होती.

"मूळ आवाज लंडनला ठेवलाय आमच्याकडे," ते लेटीला म्हणाले. "तुमची बोली लोकांना कळणार नाही, असं वाटलं आम्हाला. आणि ओठांकडे कोण एवढं बघतं?"

"आलंय ना ध्यानात आता?" मी म्हटलं.

"आलं," ते म्हणाले. तीन आठवड्यांनी तोच बोलपट लेटीच्या आवाजासकट परत आला, याचं श्रेय मात्र त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे.

पण त्या शनिवारी लेटीचं पेल्हॅमकडे लक्ष नव्हतं. किझी मावशी काठी टेकत आमच्यापर्यंत आली होती. आवाज बदलला होता, बंद झाला होता, यातलं काही तिच्या गावीही नव्हतं. तिने लेटीची हनुवटी धरली आणि मागांवर बोलतो तसे ओठ मोठमोठे हलवून, आवाज न काढता म्हणाली:

"एवढा आरडाओरडा कशाला गं केलात? मला तर सुरुवातीपासून छान ऐकू येत होतं. आवाज तस्साच आहे बघ तुझा."

लेटीने तिला मिठी मारली.

सोमवारी सकाळी भोंगा झाला आणि मी एकटीच गिरणीत गेले.