पानांपुरता उजेड

बोट खचकन आत गेलं आणि मी ओरडलेच. "ईऽऽ! पुन्हा कुजकं!" पानाचा गर हातमोज्याला शेंबडासारखा लोंबत होता.

"हळू गं, मुकादम येईल," काकू म्हणाल्या आणि तोंडावर मनगट दाबून त्यांनी ओकारी आवरली.

काकू म्हणजे पानं निवडायच्या टेबलावरची माझी जोडीदारीण. नात्याच्या नाहीत, घरी एकट्याच असतात. आठवडाभर त्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. दवाखान्यात चला म्हणून मी मागे लागले, तर म्हणायच्या, "वासाने होतं गं." वासाने कुणालाही होईल म्हणा! बिनखिडक्यांची शेड, मांडण्यांवर सॅलडच्या पानांचे ट्रे, पाण्यात सोडलेली मुळं आणि वर ते मेले जांभळट गुलाबी दिवे. उजाडायच्या आत आम्ही आत शिरतो, अंधारल्यावर बाहेर पडतो. डबाही तिथेच खायचा. त्या उजेडात भाजी काळी दिसते आणि समोरचं माणूस सोललेल्या मांसासारखं. घास उतरत नाही.

पहिल्याच दिवशी मुकादमाने छाती फुगवून समजावलं होतं. "पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड पितं, त्यावर पान आपलं अन्न बनवतं. हिरवा बराचसा परत फेकतं, म्हणून तर ते हिरवं दिसतं. मग फेकायचा उजेड विकत कशाला घ्यायचा?"

बरोबर आहे त्याचं. हिरवा उजेडच नाही, तर पान फेकणार काय? सगळी काळी ठिक्कर. काळ्यावर काळा डाग कसा दिसणार, कपाळ! बोट बुडलं की कळतं. निवडायला पांढरा दिवा मागितला, तर म्हणे, "पानांनी तक्रार केली का?" वर हसतो. थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या दिवशी तक्रार आली, पण गिऱ्हाइकाची. खोक्यातून चिखल निघाला म्हणे. मुकादम धावतपळत हातदिवा घेऊन आला. पांढरा. "एकेक पान बघून भरा. पुन्हा घाण गेली तर दोघी घरी बसाल."

मी दिवा लावला. अगंबाई! काळा ढीग एकदम हिरवागार झाला. मी खुळ्यासारखी हसले. "काकू, बघा तरी!" म्हणत दिवा वर केला.

काकूंनी वर पाहिलं. डोळे पिवळेधमक. गळा, कपाळ, सगळं हळद फासल्यासारखं.

"काय गं, अशी काय बघतेस?"

"काकू, कावीळ झालीय तुम्हाला. चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"वेडी की काय! आज नको. आज गेले तर हा परत घेणार नाही."

आवाज ऐकून मुकादम परत टेबलाशी आलाच होता. त्याने काकूंकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, मी बघत होते ना. मग मागे सरकला आणि नाकाला रुमाल लावला.

"दिवा पानांवर धरा," तो म्हणाला.

शिसारी आली मला. एवढी सडकी पानं चिवडली, पण अशी शिसारी कधी आली नव्हती.

"नाही धरत," मी म्हणाले. दिवा काकूंच्या चेहऱ्यावर तसाच ठेवला. दिसू दे म्हटलं याला, दिसू दे सगळ्यांना.

काकूंनी डोळे मिटून घेतले. आणि मिटल्या डोळ्यांनीच, बोटांनी चाचपत, पानं निवडू लागल्या.