मुदतीआधी सुटलेला टेंपो

मित्रांनो, कवठेमहांकाळच्या पलीकडे एका धनगरवस्तीवर, मेंढरांच्या वाड्यामागे एक तीनचाकी टेंपो गंजत उभा आहे, तो मी. माझ्या केबिनमध्ये आता कोंबड्या अंडी घालतात. मला जुना म्हणा, भंगार म्हणा, काही हरकत नाही. पण गरीब बिचारा मात्र म्हणू नका. माझ्या डोळ्यांदेखत एक सूड असा पुरेपूर घेतला गेला आहे, की त्याच्या नुसत्या आठवणीवर मी अजून चार पावसाळे काढीन.

पुण्याजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. एकोणीसशे बहात्तरच्या दिवाळीत मी सांगलीला भाऊसो शेठच्या दुकानात आलो. तिथून अर्जुना नावाच्या धनगराने मला हप्त्याने घेतले. हप्ते फिटेपर्यंत गाडी दुकानाची, अशी रीत. म्हणून भाऊसोंनी माझ्या कपाळावर पिवळ्या रंगात स्वतःचे नाव रंगवले. चाकरी अर्जुनाची आणि नाव भाऊसोंचे! मला ते पहिल्या दिवसापासून सलत होते.

अर्जुना माझ्यातून लोकर आणि घोंगडी सांगलीच्या बाजारात नेत असे. स्वतः भाकरी खाण्याआधी तो मला धूत असे आणि दर रविवारी माझ्यावर भंडारा उधळत असे. मालक असावा तर असा. एकूण चोवीस हप्ते होते. त्यातले बावीस त्याने वेळेवर भरले. तेविसाव्याच्या वेळी लोकरीचे पैसे अडकले आणि अकरा दिवस उशीर झाला.

त्या बाजारादिवशी भाऊसो दोन माणसे घेऊन आले. माणसांनी लोकरीची पोती रस्त्यावर फेकली आणि भाऊसोंनी अर्जुनाच्या हातातली किल्ली हिसकावली.

“शेठ, आठ दिस थांबा. दोनच हप्ते ऱ्हायलेत,” अर्जुना हात जोडून म्हणाला.

“कागदात लिवलंय समदं. वाचता येत न्हाई, तर सही कशाला ठोकलीस?” भाऊसो म्हणाले.

बाजार हसला. ज्यांची ओझी मी वाहिली होती, तेही हसले. पोती गोळा करत असलेली अर्जुनाची बायको रंगूबाई मात्र एकटक भाऊसोंकडे बघत होती. माझे चालले असते तर मी भाऊसोंच्या पायावरून चाक नेले असते. पण ज्याच्या हाती किल्ली त्याचे ऐकावे, हाच आमचा जन्म.

अर्जुना खचला. “ज्यानं किल्ली वडली, त्यानंच ती माज्या हातात दिली, तर गाडीला हात लावीन. न्हाईतर त्या बाजाराचं त्वांड बघणार न्हाई,” असे बायकोला सांगून तो मेंढरांमागे निघून गेला. त्या दिवसापासून रंगूबाईला दुसरे काही सुचेना. भाऊसोंच्या हातून किल्ली परत यायलाच हवी होती.

इकडे भाऊसोंनी मला हिरवा रंग फासून दुकानात उभे केले. किंमत लावली नऊ हजार. पण त्या साली डिझेल महागले होते. आम्ही सात टेंपो तिथे धूळ खात होतो. तेव्हा भाऊसोंनी दिवाळीला पत्रके छापली. नवी असो की जुनी, जो कोणी आमच्या हप्त्याने गाडी घेईल, त्याला किमतीत दोन हजार सूट! रोख घेणाऱ्याला काही नाही. मुदत गुढीपाडव्यापर्यंत. खाली भाऊसोंची सही आणि शिक्का.

सूट कसली, तो गळाला लावलेला दाणा होता. हप्त्यांवरचे व्याज तीन वर्षांत तीन हजारांवर जात होते. म्हणजे दोन हजार सोडायचे आणि वर हजार कमवायचे. भाऊसोंची अक्कल वाणसामानासारखी मोजून खर्च होत असे.

रंगूबाईने ते पत्रक आणि अर्जुनाचा जुना करारकागद उचलला आणि नानासोचे घर गाठले. नानासो सैन्यात कारकुनी करून निवृत्त झालेला हवालदार, आता लोकर सोसायटीचा सचिव. त्याने बारीक अक्षरातली सगळी कलमे शेवटपर्यंत वाचली आणि टेबलावर थाप मारली.

“वैनी, ह्यो फारम शेठनं मुंबईच्या कुटल्या तरी कंपनीचा उतरून छापलाय. चौदावं कलम ऐका. मुदतीआदी मुद्दल फेडली, तर फुडचं व्याज माफ. शेठनं सोता ह्यो कागद कवाच वाचलेला न्हाई!”

मित्रांनो, गंमत बघा. जो माणूस दुसऱ्याला बाजारात कागदावरून लाजवतो, त्याने स्वतःचाच कागद वाचला नव्हता.

बेत ठरला, पण धोका होता. हप्ते लवकर फेडायला सोसायटीचे कर्ज हवे होते. सोसायटीचे व्याज थोडे, पण पंचांची बैठक पुढच्या महिन्यात. पंच नाही म्हणाले, तर रंगूबाई तीन वर्षे भाऊसोंच्याच दावणीला बांधली जाणार होती. तरीही तिने वीस मेंढ्या विकल्या आणि भाऊ धुळाला घेऊन ती दुकानात आली. त्या सात टेंपोंतून तिने नेमके माझ्यावर बोट ठेवले. भाऊसोंना हसू आवरेना.

“नवऱ्यानं खणलेला खड्डा पुरला न्हाई का, बाई?”

“खड्ड्याचं माप घ्यायला आलेय, शेठ,” रंगूबाई म्हणाली. तिने हजार रुपये भरले, सूट घेतली आणि अंगठा उठवला. उरले सहा हजार, छत्तीस हप्ते. भाऊसोंनी माझ्या कपाळावरचे नाव पुन्हा ठळक करून घेतले.

विसाव्या दिवशी ती आणि नानासो परत आले. पंचांनी होकार दिला होता. सहा हजार आणि वीस दिवसांचे व्याज तिने टेबलावर ठेवले.

“हे काय? मुदत तीन वर्साची हाय!” भाऊसो ओरडले.

नानासोने चौदाव्या कलमावर बोट ठेवले. भाऊसोंनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. नऊ हजारांचा मी सात हजारांत गेलो होतो.

“वाचता येतंय न्हवं, शेठ?” रंगूबाईने विचारले.

मग तिने त्यांच्याच रंगाऱ्याकडून, त्यांच्याच खर्चाने, माझ्या कपाळावरचे नाव खरवडून काढले. पत्रा सोलवटला, पण मला ती चव अमृताची लागली.

तरीही अर्जुना माझ्या जवळ आला नाही. धुळा मला चालवी आणि अर्जुना लांबून नुसता बघे. मग रंगूबाईने कंबर कसली. प्रत्येक बाजारी ती माझ्या फळीवर उभी राहून चौदावे कलम मोठ्याने सांगू लागली. माधवनगरचे यंत्रमागवाले आले, दूधवाले आले, वीटभट्टीवाले आले. जो तो पत्रक घेऊन येई, हप्त्याने गाडी घेई, दोन हजार सूट खिशात घाली आणि महिन्याच्या आत मुद्दल फेडून मोकळा होई. भाऊसोंनी नाही म्हणायचा प्रयत्न केला, तेव्हा लोकांनी त्यांच्याच सहीचे पत्रक त्यांच्यापुढे नाचवले. माघापर्यंत एकोणीस गाड्या गेल्या. भाऊसोंची झोप उडाली.

शेवटी ते स्वतः बाजारात आले. “बाई, पोटावर पाय देऊ नका. लोकांस्नी सांगायचं थांबवा. तुमी म्हनाल ते करतो.”

“माज्या घरी चला. ही किल्ली मालकाच्या हातात तुमी द्यायची,” रंगूबाई म्हणाली.

केबिनमध्ये जागा नव्हती. भाऊसो मागे लोकरीच्या पोत्यांवर, दोन एडक्यांच्या मध्ये बसले. तीस मैल! मी एकही खड्डा चुकवला नाही.

वस्तीवर सगळ्या भावकीसमोर भाऊसोंनी मान खाली घालून किल्ली पुढे केली. अर्जुनाने ती घेतली आणि बराच वेळ मुठीत धरून ठेवली. त्याचे डोळे भरून आले. दारी आलेला पाहुणा म्हणून त्याने भाऊसोंना दूधही दिले. मग भाऊसो म्हणाले, “एस्टी तर गेली. मला सांगलीला सोडा की.”

अर्जुना केबिनमध्ये चढला. “सोडतो की. तीस रुपय भाडं.”

भाऊसोंनी खिसे चाचपले. बारा रुपयेच निघाले.

“ऱ्हायलेलं हप्त्यानं द्या, शेठ,” रंगूबाई म्हणाली. “सूट बी दिऊ.”

अर्जुना खदखदून हसला. पाच महिन्यांनी तो हसला आणि मी पहिल्या झटक्यात सुरू झालो.

मित्रांनो, सूड वाईट असे तुमचे गुरुजी सांगतील. त्यांचे ऐका. मला मात्र खोटे बोलता येत नाही, मला तो फार गोड लागला. तुम्ही एवढेच करा. सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि दारातल्या जुन्या गाडीला अधूनमधून तेलपाणी करा.

अर्जुना वारल्यापासून मला कुणी धूत नाही. मध्यंतरी एक भंगारवाला आला, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि भाव सांगितला. म्हातारी रंगूबाई काठी टेकत बाहेर आली.

“ह्यो इकायचा न्हाई,” ती म्हणाली. “ह्याचं समदं फिटलंय.”