मुकी पानं

हॉटेलात सॅलडच्या टेबलापाशी दिवसभर उभी राहून ती घरी आली, तेव्हा पाय तिचे राहिले नव्हते. पिशवीत रोमेन लेट्यूसचा, सॅलडच्या पानांचा, एक गड्डा होता, लांबट, ओला. तिला आता हिरवा रंगही नकोसा झाला होता. तोंडातल्या तोंडात ओवी मात्र चालूच होती:

पान पान धुते बाई, पाण्यामागे पाणी जाई,
दिवस माझा धुतलेला, वाळवाया ऊन नाही.

नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आजारपणापासून घशाखाली पातळ तेवढंच उतरायचं, आणि तेही तो घेईना. आज पोटात काही गेलं नाही तर सकाळी नाकातून नळी घालू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सूप करते," ती म्हणाली.

"कर. फेकायची पानं संपवायला कुणीतरी हवंच."

तिचा हात थबकला. आजारी पडेपर्यंत त्याच हॉटेलात तो मुख्य आचारी होता; ती तिथे लागली ती नंतर. पानाचा देठ कानाशी धरून मोडायचा. 'कट्' वाजलं तर सॅलडला, मुकं राहिलं तर सूपच्या पातेल्यात. सगळे त्याला कानसेन म्हणत. आणि ती रोज त्याच्याच नियमाने बाहेरची मऊ पानं त्याच्या सूपात घालत होती.

गड्डा घेऊन ती खाटेशी आली. आतलं कोवळं पान त्याच्या कानाशी मोडलं. कट्.

"सॅलडचं," तो भिंतीलाच म्हणाला.

"नाही. सूपचं."

तो वळला. "अगं, गाभा शिजवतात का कधी? माझ्या हाताखाली असतीस तर नोकरी गेली असती!"

"आता काढून दाखवा."

लोण्यावर कांदा परतला, उकडलेला बटाटा कुस्करला, वरून गाभा चिरून घातला. एकच उकळी, झाकण न ठेवता, रंग जाऊ नये म्हणून. घोटून, गाळून वाटी त्याच्यापुढे धरली.

"एखादं पान ठेवलंयस ना कच्चं? ते तू खा."

"अहो, दिवसभर तेच बघतेय. शिसारी आलीय."

"बस आधी. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही. अशी कानाजवळ बस."

उरलेलं एक कच्चं पान घेऊन ती बसली. आधी गुडघे कुरकुरले, मग दाताखाली पान. त्याने डोळे मिटून ऐकलं, आवाज विरेपर्यंत. मग तोंड उघडलं. चमचा आत गेला. घसा हलला.

"अजून आहे?"

"सूप? भरपूर."

"पान गं. तू चाव, मी गिळतो."

पानं ओट्यावर होती. गुडघ्यावर हात टेकून ती पुन्हा उठली.