साळूबाईने शाळेला दिलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. लाकडी मुठीची, हातात मावेल एवढी. जिच्यावर तुमची शाळा भरते आणि सुटते, तीच मी. तुम्हाला वाटत असेल, मी शाळेसाठीच जन्मले. तसे नाही. माझे आधीचे आयुष्य तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

नगरच्या एका ओताऱ्याने मला घडवले. देवाच्या कामी जाणार म्हणून त्याने मला हळदकुंकू वाहिले. पुढे एका जत्रेत खंडोबाशी एका लहान मुलीचे लग्न लावले गेले. तिच्या गळ्यात कवड्यांचा गाठा बांधला, कपाळभर भंडारा फासला आणि मला तिच्या हातात दिले. तीच साळूबाई. देवाशी लग्न लावलेल्या अशा मुलीला मुरळी म्हणतात. तिने माणसाशी लग्न करायचे नाही, लोकांच्या जागरणात घंटी वाजवून नाचायचे आणि मिळेल ते खायचे.

लोक माझ्या आवाजाचे कौतुक करत आणि मी शेफारून जाई. दिवसा साळूबाईला सगळे देवाची बायको म्हणत, तिच्या पाया पडत. रात्री तिच्या खोपटात देव मात्र कधी आला नाही. गावातलेच येत. सकाळी पाया पडणाऱ्यांतही तेच असत. नको म्हणायची सोय तिला नव्हती. वय झाल्यावर तिला कोणी बोलावीनासे झाले आणि मी खुंटीवर काळी पडत गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, तिसगावच्या बाजारात धान्य दिसेना. सारा गाव खडी फोडायला जाऊ लागला. साळूबाईचे हात थरथरत, म्हणून मुकादमाने तिला परत धाडले. तिची चूल एक दिवस पेटे, एक दिवस नाही.

गावात रंगनाथ नावाचा शेतकरी होता. त्याचा मुलगा आसाराम तान्हा असताना तापाने फणफणला, तेव्हा रंगनाथने खंडोबाला नवस केला होता: मुलगा वाचू दे, थोरली मुलगी तुला वाहीन. मुलगा वाचला. नवस फेडायचे मात्र लांबले आणि थोरली लंका चौथीपर्यंत पोचली. पाऊस येईना तसे लोक म्हणू लागले, रंगनाथचा नवस राहिला म्हणून देव कोपला. आमच्याकडे रीत अशी की नव्या मुरळीने जुन्या मुरळीकडून घंटी घ्यायची आणि मग जन्मभर तिला सांभाळायचे. म्हणून जत्रेचे पुढारी आप्पासाहेब साळूबाईच्या दारात आले.

"साळे, तुज्या म्हातारपनाची सोय झाली बघ," ते म्हणाले.

"माजी झाली, मालक. पन पोरीचं काय व्हतं, त्ये तुमाला ठावं हाय आन् मलाबी."

आप्पासाहेब तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साळूबाईने मला पदराखाली घेतले आणि तडक शाळा गाठली. तुमचे राधाकृष्ण गुरुजी फळा पुसत होते.

"गुरुजी, ही शाळंला घ्या. सरकारी झाली म्हंजी हिला कुनी हात लावनार न्हाई. आन् हिच्याबिगर त्यान्ला लंकीला देवाला सोडता येत न्हाई."

गुरुजींचे डोळे भरून आले. "बाई, काळजी करू नका. अशा लग्नाला कायद्याने बंदी आहे," ते म्हणाले. तोवर शाळेत रुळाचा तुकडा बडवत असत. मला घासून लखलखीत केले आणि वाजवायचे काम लंकाला दिले. ते थोडेच दिवस माझ्या आयुष्यात सुखाचे होते.

मग आप्पासाहेब शाळेत आले. "एका दिवसापुरती द्या, गुरुजी. पाऊस काय तुमाला नको हाय?"

गुरुजींनी मला टेबलावरून उचलून आप्पासाहेबांपुढे धरले. त्यांना गावात राहायचे होते. म्हणाले, "शाळेची वस्तू आहे. सोमवारी परत पाहिजे. आणि चेंबता कामा नये."

साळूबाई देवळाकडे फिरकली नाही. तिच्यावाचून काही अडलेही नाही. त्यांनी मला देवापुढे ठेवले, लंकाला उचलायला लावले आणि म्हणाले, देवानेच दिली. एवढी जुनी रीत, पण गरज पडली तशी वाकली. कवड्यांचा गाठा बांधताना लंकाने विचारले, "आये, सोमवारी शाळा हाय न्हवं?" तिच्या आईने, बनुबाईने, तोंडात पदर कोंबला. मला मुके राहायचे होते. जमले नाही. लंकाचा हात हलला आणि मी वाजले.

पाऊस आला नाही. लंकाला तिसगावच्या बाजारातून नवी घंटी आणली आणि मी ठरल्याप्रमाणे सोमवारी परत आले. गुरुजींनी मला उलटसुलट करून पाहिले, कुठे पोचा आला नाही ना म्हणून. रुमालाने भंडारा पुसला. लंकाबद्दल कोणाला काही विचारले नाही.

त्याच दिवशी इतिहासाचा तास होता. गुरुजी शिकवत होते: पूर्वी जगात माणसांचे बाजार भरत. आपल्याकडेही पेशवाईत बटकी आणि कुणबिणी विकल्या जात. धनी सांगेल ते काम करायचे, धनी म्हणेल तिथे निजायचे. आता तसे नाही, आता कोणी कोणाचा गुलाम नाही. तुम्ही सर्वांनी ते वाक्य मोठ्याने म्हटले. लंकाचा भाऊ आसारामही म्हणाला. मी टेबलावर होते. मला एवढेच म्हणायचे होते की बटकीला निदान विकली असे तरी म्हणत. मुरळीला वाहिली म्हणतात आणि वर नारळ फोडतात.

गावाने साळूबाईला भाकर देणे बंद केले. ती नगरच्या रस्त्याने निघून गेली; पुढे तिचे काय झाले, मला ठाऊक नाही.

परवा मधल्या सुट्टीत लंका कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. तुम्ही पाहिलेत. तुमच्यातले काही जण 'देवाची बायको, देवाची बायको' असे ओरडले. ती पळाली. हे तुम्हाला कोणी शिकवले?

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. माझी निगा नको तेवढी राखली गेली. लंका पुन्हा आली तर तिला नावाने हाक मारा, आत बोलवा, तुमच्या बसायच्या पट्टीवर जागा द्या. आणि तिची जागा रिकामी का, हे गुरुजींना विचारा. आप्पासाहेब समोर असतील तेव्हा तर नक्की विचारा. गुरुजी तुम्हाला गप्प करायला मला हातात घेतील, जोरजोरात वाजवतील. मी वाजले तरी गप्प बसू नका.