वरच्या मजल्यावरची टिक

पहिल्यांदा ती ऐकू आली एका गुरुवारी संध्याकाळी. मी एका जुन्या मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. टिक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. सवयीनं मी घड्याळ कानाला लावलं, पण त्याची स्प्रिंग तर माझ्यासमोर बशीत पडली होती.

घड्याळदुरुस्ती मी आप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून शिकले आणि तिखट कानही त्यांचाच घेतला. कुठल्या चाकाचा दात झिजलाय, हे आप्पा घड्याळ न उघडता सांगत. बावन्नाव्या वर्षी त्यांना एक टिक ऐकू यायला लागली. महिनाभर त्यांनी गिऱ्हाइकांची धडधाकट घड्याळं खोलून ती शोधली. शेवटी कळलं की ती त्यांच्या कानातच होती. वर्षभरात ती थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंच ऐकू येणं थांबलं. आता ते दुकानामागच्या खोलीत असतात आणि त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागतं. मला एक्कावन्नावं चालू आहे. त्या गुरुवारी माझी पाचावर धारण बसली ती उगाच नाही. डॉक्टरकडे जायचं धाडसही होईना, कारण गेले तर तो काहीतरी सांगणार.

आशा एकच होती, वरचा मजला. पाच महिन्यांपूर्वी तिथे पोल डान्सचा क्लास सुरू झाला होता. गल्लीनं आधी नाकं मुरडली आणि मग फी किती म्हणून चौकशी केली. मी स्वतः काय समजत होते ते न सांगितलेलंच बरं. पण माझा विचार सरळ होता. कानातला आवाज वार बघून येत नाही. तो वरून येत असेल, तर त्याला वेळापत्रक असणार.

मी टेबलाच्या कडेला एक कागद चिकटवला आणि वार लिहून खुणा करायला लागले.

सोमवारी छतावर लाकडी ठोकळे आपटावेत तसे आवाज, दोन-दोन एकदम, तालात. टिक नाही. मंगळवारी गाणं नाही, नुसती मोजणी आणि मधूनच गादीवर धप्प. टिक नाही. गुरुवारी मात्र पाऊल वाजत नव्हतं, गाणं संथ होतं आणि त्यात मधूनच कातडी चर्रकन घासल्याचा आवाज. आणि टिक. दहा वेळा, बारा वेळा. पुढच्या गुरुवारीही तेच. मला इतका आनंद झाला की मी जिना चढून वर गेले.

क्लास घेणाऱ्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. खोलीत आरसा, गाद्या आणि जमिनीपासून छतापर्यंत पोलादाचे दोन पोल. आरशाजवळचा पोल माझ्या टेबलाच्या बरोबर वर होता.

"हा पोल फिरतो का हो?" मी विचारलं.

बाई हसल्या. "हे विचारणाऱ्या पहिल्याच तुम्ही. बाकी सगळे कपड्यांबद्दल विचारतात."

"तेही विचारणारच होते."

"कापड घसरतं, कातडी धरते. मांडी, काख, गुडघ्यामागची जागा उघडी नसली तर माणूस खाली. क्लासच्या दिवशी आम्ही अंगाला क्रीमसुद्धा लावत नाही."

मग त्यांनी एका चावीनं पोलच्या बुडाशी असलेले स्क्रू सैल केले आणि बोटानं ढकललं. पोल गरगर फिरला. "घट्ट केला की पोल उभा राहतो आणि माणूस त्याच्याभोवती फिरतो. सैल केला की पोलच फिरतो. मग पाय पोटाशी घेतले की वेग वाढतो, लांब केले की कमी होतो."

बाईंनी चढून दाखवलं. मी आ वासून बघत राहिले. एवढी वर्षं चाकांशी संसार केला, पण माणूस आपल्या पायांनी वेग कमी-जास्त करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी माझे वार सांगितले आणि बाईंनी त्यांची उत्तरं दिली. सोमवारचे ठोकळे म्हणजे वीतभर उंच टाचांचे बूट. त्या प्रकारात ते मुद्दाम आपटायचे असतात आणि अर्धा नाच तर जमिनीवरच चालतो. मंगळवारी स्पर्धेचा प्रकार. एकेक आकार दोन सेकंद धरायचा, पायाचं बोटसुद्धा वाकडं गेलं तर गुण कापतात. गुरुवारी अनवाणी, फिरत्या पोलवर, गाण्यातली गोष्ट सांगायची.

"यातला खरा कुठला?" मी विचारलं.

"ते विचारू नका. सोमवारच्या म्हणतात, बूट नाहीत तर नाच कसला. मंगळवारच्या त्यांना नावं ठेवतात. गुरुवारच्या दोघींकडे बघून उसासे टाकतात."

म्हणजे फिरता पोल गुरुवारी आणि टिकही गुरुवारी. माझा जीव भांड्यात पडला. तो तिथे राहिला पुढच्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी मोजणी चालू असताना टिक आली. मी कागदाकडे बघितलं. आज पोल घट्ट असणार. म्हणजे माझा कान? हातातला चिमटा ठेवला आणि तशीच वर धावले.

पोल फिरत होता. त्यावर उलटी लटकलेली एक धिप्पाड बाई "अठरा, एकोणीस" मोजत होती. ती शहर बस चालवते, हे मला ठाऊक होतं. तिच्या गणवेशाची पिशवी नेहमी जिन्याच्या कठड्याला असते.

"आज फिरता कसा?" मी जवळजवळ ओरडलेच.

"स्पर्धेत दोन्ही लागतात, अर्धं घट्ट पोलवर, अर्धं फिरत्या," बाई म्हणाल्या. "शनिवारी यांची स्पर्धा आहे. का हो?"

मग मी सांगून टाकलं, की पोलच्या बुडातलं बेअरिंग टिक करतंय. बाईंनी मोजणी थांबवली, ड्रायव्हरबाईंना वर लटकवून पोल फिरवला आणि पोलला कान लावला. "काही नाही."

मी कान लावला. टिक. चक्क हाडात वाजली.

"मला खरंच नाही येत ऐकू," बाई म्हणाल्या. "आणि हे बूड आज उघडलं, तर पुन्हा बसवायला माणूस मिळेपर्यंत दोन दिवस जातील. यांचा सराव बुडेल. तुम्हाला खात्री आहे?"

खात्री असती तर मी गुरगुरलेच असते. माझा स्वभाव तसाच आहे. पण डोळ्यांपुढे आप्पा आले, ती उगाच खोललेली महिनाभराची घड्याळं आली. "नाही," मी म्हटलं. "खात्री नाही. माझ्या वडिलांना असाच आवाज यायचा आणि तो त्यांच्या कानात होता. माझ्याही असेल. पण पोलमध्ये असेल तर तो कधीतरी मध्येच अडकणार, आणि तेव्हा वर कोण असेल?"

ड्रायव्हरबाई खाली उतरल्या. स्पर्धेतली त्यांची शेवटची उडी कशी असते, ते बाईंनी सांगितलं. छताजवळून, नुसत्या मांड्यांच्या पकडीवर, डोकं खाली करून सुटायचं आणि जमिनीपासून हातभर अंतरावर थांबायचं. तीही फिरत्या पोलवर.

"बाई, उघडा," त्या म्हणाल्या. "बस चालवताना मलाही असंच होतं. साठ प्रवासी आत, कुणाला काही ऐकू येत नाही आणि मला येतं. मी गाडी डेपोला लावते. दहातून सात वेळा काही नसतं. लोक शिव्या घालतात. मावशी, तुमचं सातातलं निघालं तर मीही घालीन."

बूड आम्ही तिघींनीच उघडलं. बेअरिंग मी खाली आणलं, रॉकेलमध्ये धुतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक छर्रा चिमट्यानं फिरवून बघितला. नववा छर्रा अर्धा फुटला होता. त्याची एक कपची बाजूच्या छऱ्यात रुतली होती.

मी तिथेच, दुकानात, उभ्या-उभ्या नाचले. एक्कावन्नाव्या वर्षी, कुठल्याही प्रकारात न बसणारा नाच. आप्पांनी दारातून बघितलं, तर मी पाटीवर लिहिलं, "पोलच होता!" ते काही समजले नाहीत, पण हसले. बाईही खाली आल्या आणि त्यांनी भिंगातून बघितलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमचा कान सोन्याचा आहे."

नवं बेअरिंग शुक्रवारी बसलं. ड्रायव्हरबाई शनिवारी स्पर्धेत सहाव्या आल्या. पायाचं बोट दोनदा वाकडं गेलं म्हणून त्या परीक्षकांच्या नावानं खडे फोडत परत आल्या. हाडं शाबूत होती.

रविवारी क्लास बंद असतो. सकाळी मी दुकानाचा केर काढत होते. वर कुणी नव्हतं, रस्ताही शांत होता.

टिक.

मी केरसुणी ठेवली. पुन्हा टिक. मी भिंतीवरच्या घड्याळांचे लंबक हातानं धरून थांबवले. एक, दोन, सगळी अकरा. टेबलावरची चार बंद केली. हातातलं काढून मागच्या खोलीत नेऊन उशीखाली ठेवलं. दुकान मुकं झालं. आणि टिक आली. ती आधीही होती का, त्या गुरुवारांच्या मागे लपून? कोण जाणे. या आवाजाला वार नव्हता.

मी खूप घाबरले. आप्पांना सांगायचं नाही, एवढंच ठरवलं.

पण आप्पा उठून दुकानात आले. त्यांनी भिंतीकडे बघितलं. अकरा लंबक सरळ खाली लोंबत होते. त्यांना एक अक्षर सांगावं लागलं नाही. त्यांनीही एकदा असंच दुकान थांबवलं होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि त्यांच्यावर चिडले होते.

"कुठल्या कानात?" त्यांनी विचारलं.

मी उजव्या कानाला हात लावला आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. अवघड घड्याळ टेबलावर आलं की होतो तसाच त्यांचा चेहरा झाला होता.

"माझी डाव्यात होती," ते म्हणाले. "गजराच्या घड्याळासारखी, जरा घाईची. पाठोपाठ दोन यायच्या, मग मध्ये एक चुकायची. फार नेटकी होती. तुझी कशी आहे?"

पंचवीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. पोल फिरतो का, हे विचारायला मी जिना चढून गेले, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्याच्या कानातला आवाज कसा होता हे विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

आप्पा वाट बघत होते. मी नाक पुसलं, पाटी मांडीवर घेतली, डोळे मिटून नीट ऐकलं आणि लिहायला लागले.